संगीताचं भाषण

शनिवार, स्नेहसंमेलनाची संध्याकाळ

आमच्या वसतिगृहातल्या आठवीच्या संगीताने महिनाभर माझ्याकडून भाषण बसवून घेतलं होतं. आज पाहुणे गाडीतून उतरले आणि मुख्याध्यापक मला म्हणाले, "भाषण दुसरी कोणी करेल. वाडीवरच्या पोरींना नाचात घ्या, पाहुण्यांना तेच आवडतं."

मी "बरं सर" म्हटलं. का म्हटलं?

कार्यक्रमानंतर तिची आई भेटली. कोंडाण्याच्या वरच्या वाडीतून चालत आलेली. "बाई, माजी पोर बोलनार व्हती ना?"

"वेळ कमी पडला," मी म्हणाले. "बरं सर" म्हणणाऱ्या तोंडाला हेही जमलं.

संगीता शेजारीच उभी होती, अजून नाचाच्या साडीत. माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, "येळच नाय व्हता गं आये. बाई तरी काय करतील?"