केळीच्या पानांवर आडवी गाडी

अर्धापूर, रविवार, सांजेला

मी सांगते ते वहीत लिहून घे, पण आधी वार लिही सूनबाई. मागच्या पानावर तू विसरलीस, अन् आता मलाच विचारतेस ते कधीचं म्हणून.

आज नात सुमन लातूरहून आली. तिला एकटीनं लडाखला जायला मोठी फटफटी घ्यायची हाय. दोन मैत्रिणींकडून वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन गाड्या बघायला मागून तिनं दारात लावल्या. एक उंच अन् लई ताकदीची, दुसरीचं इंजिनही मोठंच, पण अंगानं बुटकी. सुमनचा जीव उंचीवर.

मी म्हणलं, "बैल घेताना आपण बसवून उठवून बघतो. ही तिकडं पडली तर कोण उचलील?"

ओरखडे नकोत म्हणून वाळली केळीची पानं अंथरली अन् गाड्या आडव्या केल्या. उंच गाडी हलेना. मग मी शिकवलं, पोतं उचलताना लावतो तशी पाठ लाव अन् पायांच्या जोरानं उचल. दोनदा उचलली. तिसऱ्यांदा पोर तिथंच बसली. बुटकी मात्र तिन्ही वेळा उठली.

"आजी, मी तीनदा कशाला पडीन?"

"सायकल शिकताना किती पडलीस, ते मोजलंय मी."

हसली, पण उंच गाडीवरचा हात काढेना. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण पानांवर आडवी गाडी अन् शेजारी धापा टाकणारी पोर, तेच डोळ्यांपुढं येतं. निघताना म्हणाली, "बुटकीच घेते."

ती लडाखला निघाली की धपाटे अन् लसणाची कोरडी चटणी पाठव. लोणचं नको, गाडी आडवी झाली की तेल सांडतं.