कोपराचा आजार

२ जानेवारी, गुरुवार
रात्रभर टक्क जागा. निद्रानाशाचं हे अकरावं वर्ष. आजपासून शास्त्रशुद्ध नोंद ठेवणार. पुढेमागे वैद्यकशास्त्राला उपयोगी पडेल.
निरीक्षण पहिलं: जरा शांत पडावं तर बरगडीत जानकीचं कोपर. वर प्रश्न, अहो, आहात ना? लग्नाला तीस वर्षं झाल्यावर हा काय प्रश्न? मी म्हणतो, आहे. की ती कुशीवर वळते. थोड्या वेळाने पुन्हा कोपर.
मोबाइलवर वाचलं. झोपेत हातपाय उडण्याचा एक विकार असतो. जानकीला तो आहे. बिचारीला अजून सांगितलेलं नाही.

५ जानेवारी, रविवार
संकल्प. चारनंतर चहा बंद. झोपताना जायफळ घालून दूध. तळपायाला काशाच्या वाटीने तूप. वाटी जानकी फिरवणार, कारण पोटामुळे माझा हात तिथवर पोचत नाही.
चहा सव्वापाचला घेतला. उद्यापासून नक्की.

६ जानेवारी, सोमवार
तूप चोळणं सुरू होतं तोच सकाळ झाली. म्हणजे पाहा, पुन्हा रात्रभर जागाच.
शाळेत नववीला संस्कृतची शब्दरूपं म्हणायला सांगून डोळे मिटून ऐकत होतो. उघडले तर समोर सातवीचा वर्ग. वेळापत्रकात अतोनात गोंधळ आहे.

९ जानेवारी, गुरुवार, सकाळी
रात्रभर जागा. अपूर्व शांतता. मरोळमध्ये कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

त्याच दिवशी, शाळेला निघताना
तळमजल्यावरचा निलेश जिन्यात भेटला. सर, काल वाट लागली ना सगळ्यांची! म्हटलं, कसली? म्हणे, आरेच्या जंगलातून बिबट्या भिंत चढून कंपाउंडात आला. अख्खी बिल्डिंग गॅलरीत, थाळ्या बडवल्या, फटाके लावले, वनखात्याची गाडी आली. वहिनी होत्या, तुम्ही कुठे होतात? म्हटलं, जागाच होतो, अशा गोष्टींकडे मी लक्ष देत नाही. तो म्हणाला, तुमच्या घोरण्याला दुसरा बिबट्या समजून लोक तुमच्याही खिडकीवर टॉर्च मारत होते, सर.
अकरा वर्षं जागा असलेला माणूस घोरेल कधी? स्वतःचं घोरणं मला ऐकू येत नाही, तेव्हा प्रत्यक्ष प्रमाण बाद. उरलं शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याचा शब्द. तेही निलेशचं.

१४ जानेवारी, मंगळवार
तिळगूळ राहिला. जानकी पवईला तिच्या शाळेत निघाली आणि आरेच्या रस्त्यावर चालत्या स्कूटरवर तिला डुलकी लागली. पुढे गोठ्याकडे चाललेला गवताचा टेम्पो. भाऱ्यावर आदळली म्हणून वाचली. उजवं कोपर मोडलं.
हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, बाई, रात्री झोपत नाही का? तिने माझ्याकडे बोट केलं. निद्रानाशाचा मान माझा आहे, हे ती प्रांजळपणे मान्य करते. त्यांनी झोपेच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.
कोपर प्लास्टरमध्ये. वाईटातून चांगलं एवढंच की आज शांत पडता येईल.

१५ जानेवारी, बुधवार
प्लास्टरमधलं कोपर जास्त लागतं.

२२ जानेवारी, बुधवार
अंधेरीला जानकीला घेऊन झोपेच्या डॉक्टर चेतनांकडे. बाई हुशार, पण पद्धत उलटी. प्रश्न सगळे जानकीला आणि टेपने मान मोजली माझी. मला आ करायला लावून टॉर्चने घशात पाहिलं. शेवटी म्हणाल्या, शनिवारी रात्री तुम्ही इथे झोपायचं. मी ओळखलं. जानकीच्या तपासणीला तुलनेसाठी निरोगी माणूस लागत असणार. लगेच हो म्हटलं. तिच्यासाठी एवढं तरी करायलाच हवं.

२६ जानेवारी, रविवार
डोक्याला वायरी, छातीला पट्टा, नाकात नळी, बोटाला चिमटा. अशात झोप येईल कोणाला? सकाळी तंत्रज्ञ श्रुतिकाला म्हटलं, बाळ, तुझा कागद कोराच असेल. ती म्हणाली, काका, तुमचा पट्टा सारखा सरकत होता. तीनदा येऊन हाका मारल्या, हलवलं. म्हटलं, जागा होतो, सौजन्य म्हणून डोळे मिटले होते.
घरी जानकी एकटी होती. शेजारी कोणी नसताना तिचं कोपर काय करत होतं, विचारलं. म्हणाली, अहो, मेल्यासारखी झोपले.
एकट्यात बळावत नाही. विचित्र विकार आहे.

२९ जानेवारी, बुधवार
रिपोर्ट. मी सहा तास चाळीस मिनिटं झोपलो, असं यंत्राचं मत. आणि तासाला अडतीस वेळा माझा श्वास थांबतो. झोपेत घसा सैल पडून वाट बंद होते, हृदयावर ताण येतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो. म्हणून तुम्हाला वाटतं की जागेच आहात, डॉक्टर म्हणाल्या.
जानकीने एकच विचारलं. आता मी ढोसलं नाही तर चालेल? डॉक्टर म्हणाल्या, यांना वाऱ्याने घसा उघडा ठेवणारं मशीन लावलं की तुम्ही झोपायचं. अकरा वर्षं पहारा केलात, पुरे झाला.
जानकी खुर्चीत मागे टेकली आणि तिथेच झोपली. डॉक्टरांनी पंखा कमी केला. मी तिची पर्स माझ्या मांडीवर घेतली.

२ फेब्रुवारी, रविवार
काल प्रथमच मशीन. नाकावर मुखवटा, नळीतून वारा. आरशात हत्ती दिसला. रात्रभर जागा राहणार होतोच. पाहतो तर आठ वाजलेले.
चहा नाही. शेजारी जानकी, प्लास्टरचा हात उशीवर. नऊ वाजले. दहा वाजले. हालचाल नाही, आवाज नाही. माणूस इतका शांत कसा झोपतो? तिच्या नाकाशी बोट धरलं. काही कळेना.
शेवटी कोपराने हळूच ढोसलं. अगं, आहेस ना?
डोळे न उघडता म्हणाली, आहे. झोपू द्या हो.
पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं.
विकार संसर्गजन्य दिसतो. मला लागण झाली.