बाबांनी ओळखलेली मुलगी

७ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं रागाचं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. बाबांची भूक चांगली आहे. मोतीबिंदू मात्र पिकलाय, समोरचा माणूस दिसत नाही आणि कानही यथातथाच. ऑपरेशनचं बघू, आधी निवडणूक होऊन जाऊ दे.

मतदार नोंदणीच्या खिडकीवरून तुला चारचौघांत परत पाठवलं, याचं वाईट वाटलं. म्हणजे थोडंसं. तुझ्या नावावर आधीच कुणीतरी मतदार आहे म्हणाले ना? आहे. मी ज्या साहेबांचा प्रचार करतो, त्यांच्या कार्यालयात चहा करणारी बाई. साहेबांना आपल्या वॉर्डात मतं कमी पडत होती, आणि तू तर शाळेचा दाखला कपाटात टाकून नोकरीसाठी निघून गेलेली. दाखला तुझा, पत्ता आपला, फोटो तिचा. कुणाचं काय बिघडलं?

पडताळणीला कारकून घरी आला तेव्हा जरा धाकधूक होती. घरातल्या थोरल्या माणसाने ओळख पटवायची, असं त्याचं म्हणणं. बाईला मी सगळं पढवून ठेवलं होतं. ती बाबांच्या पायाशी बसली, "बाबा, मी आलेय" म्हणाली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडायलाच लागले. "आलीस? किती वाट पाहायला लावलीस गं!"

कारकुनाने पुढे काही विचारलंच नाही.

तू लिहितेस, बाबांना घेऊन नोंदणीच्या ऑफिसात ये, मी कोण ते तेच सांगतील. कमाल आहे तुझी! त्यांचं हगणंमुतणं मी एकट्याने काढलं, तेव्हा तुला बाबा आठवले नाहीत. आता ओळखपत्राविना नोकरी अडली, तर आठवले. चीड आहे मला, लपवत नाही.

तरी तुझ्यासाठी विचारून पाहिलं. "बाबा, ताईला ओळखाल ना?"

हसले. "म्हणजे काय! रोज संध्याकाळी येऊन भरवते की मला."

खरंच येते ती. मी तिला यायला सांगितलं नव्हतं. तिला वडील नाहीत म्हणे.

तेव्हा येऊ नकोस. आलीस तर बाबाच सांगतील, ही आमची नव्हे. मग खोटी ओळख सांगितल्याचा गुन्हा तुझ्यावरच पडेल, आणि मी काही सोडवायला येणार नाही.

पत्राच्या शेवटी बाबांचे आशीर्वाद कळवायची रीत असते. ते त्यांनी तिला देऊन टाकलेत.

तुझा धाकटा