बाईंची लेक कुठल्या शाळेत?

गुढीपाडवा
शाळेची गुढी उभारली आणि लगेच पट गोळा करायला वस्तीवर. बिराजदार गुरुजी पुढं, मी रजिस्टर घेऊन मागं. उमरग्याच्या कडेला हायवेच्या अलीकडं आमची दोन खोल्यांची जि. प. शाळा. शिक्षक आम्ही दोघंच. पट एकोणीस. केंद्रप्रमुख साहेबांनी सांगून ठेवलंय, यंदा वीस झाले नाहीत तर मोठ्या शाळेत विलीन. तीही सरकारीच, पण हायवेपलीकडं.
मेंढरंवाल्या रुक्मिणबाईची परी यंदा पहिलीला. मी नेहमीचं बोलले. पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, खिचडी. तिनं ऐकून घेतलं.
"तुमची लेक बी यंदा पहिलीलाच न्हवं? कुठं घालनार?"
"आमच्याच शाळेत की."
तोंडातून गेलं. घरात अजून काहीच ठरलेलं नाही.

२८ मार्च
अन्वीचे बाबा मोठ्या शाळेचा (इथून पुढं मो. शा.) अर्ज घेऊन आले. मी म्हणाले, माझ्या शाळेला काय झालं? ते हसून म्हणाले, "तुझ्या शाळेत शिकवतं कोण?"
चेष्टाच होती. मी आदळआपट केली. मग भांडी घासताना रडू आलं. खरं उत्तर मलाच माहीत. या महिन्यात निम्मे दिवस मोबाईलवर माहिती भरण्यात गेले. मुलं बाहेर लिंबाखाली पाढे म्हणत होती. की नुसतीच ओरडत होती, मी बघितलं नाही.

९ एप्रिल
शिक्षण परिषद मो. शा. मध्ये. साहेब बोलत होते, मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले आणि आईच्या डोळ्यांनी हिंडून आले.
मो. शा. : वर्गाला एक शिक्षक. मुलींच्या संडासाला आतून कडी. पहिलीची पोरगी भिंतीवरचं अख्खं वाक्य बोट लावून वाचत होती. पण वर्गात इतकी गर्दी, की मागच्या दोन मुली भिंतीकडं तोंड करून बसलेल्या, कुणाचं लक्ष नाही.
आमची : कडीच्या जागी सुतळी. शिकवायला मिळालेला टीव्ही तिथंही फडक्याखाली, आमचाही. पण आमच्याकडं कोण उपाशी आलंय ते मला तोंड बघून कळतं.
तिसरीतल्या आमच्या सागरला अजून जोडाक्षर येत नाही. पहिलीपासून माझ्याच हाताखाली आहे तो. हे रजिस्टरमध्ये मी कुठं लिहिलंय? तिथं "प्रगती समाधानकारक".
येताना हायवे ओलांडायला किती वेळ लागला. ट्रकमागून ट्रक. मी एवढी मोठी बाई, तरी हातात पर्स घट्ट. सहा वर्षांचं लेकरू कसं...

३१ मे
गुरुजी निवृत्त झाले. नारळ, शाल, सगळं झालं. नवीन माणूस कधी येईल माहीत नाही. म्हणजे जूनपासून चारही वर्ग आणि मी एकटी. जाताना गुरुजी हळूच म्हणाले, "बाई, लेकराचं बघा. माझी दोन्ही पोरं मी मो. शा. तच शिकवली. वस्तीवर कुणाला कळू दिलं न्हाई."
तीस वर्षं या शाळेत काढली! आणि मी त्यांना देव समजत होते. रागही येईना नीट. भीतीच वाटली, की मीही तशीच होणार.

६ जून
मो. शा. चा अर्ज भरला. आमच्या शाळेचाही भरला. दोन्ही पर्समध्ये. मो. शा. चा गणवेश, लाल चौकटीचा झगा, शिवून आला. अन्वी नाचली.
परी धरून पट बरोबर वीस. रुक्मिणबाई जाईल तिकडं तिचं ऐकणारी चार घरं जातात. ती घरं गेली तर शाळा गेली. शाळा गेली की सगळी लेकरं रोज त्या ट्रकांमधून. आणि अन्वीला माझ्याजवळ ठेवली, तर तिचा सागर होईल.

१४ जून
संध्याकाळी रुक्मिणबाई घरी आली, संगं परी. पिशवीत शेंगा.
"उद्या दोघींना संगंच बसवा बाई. म्या कुठं शाळा बघायला गेल्ते? तुमच्याकडं बघूनच ठरवायलेय. मास्तरीण आपली लेक वाईट जागी घालंल व्हय?"
झगा दोरीवर होता. तिची पाठ होती दोरीकडं. परीची नव्हती.
"आई, मला बी असलाच झगा पायजे."
रुक्मिणबाईनं वळून बघितलं. हात लावून कापड बघितलं. "लई झ्याक हाय. देतेल की शाळंत. बाई हायत की."
मी चहा टाकते म्हणून आत गेले. गॅस पेटवायलाच विसरले.

१५ जून, सकाळी पावणेनऊ
लाल झगा घालू नको म्हणाले मी. घातलाच तिनं. आमच्या शाळेच्या दारात रुक्मिणबाई परीला घेऊन एव्हाना येऊन थांबली असेल.
अन्वी विचारतेय, "आई, परी कुठल्या शाळेत जाणार?"
"तू जाशील तिथं."
"आणि मी?"
गाडीची चावी सापडत नाही असं सांगून मी खाली बसलेय आणि हे लिहितेय. अन्वी गाद्या उलट्या करून चावी शोधतेय. चावी माझ्या मुठीत आहे.