अक्षरवार लावलेल्या गोळ्या

चिमणे,

आईला अशक्तपणामुळे घेरी आली, असे काल मी तुला फोनवर सांगितले, ते खोटे होते. तिच्या रक्तदाबाच्या गोळीऐवजी दोन दिवस मी तिला माझी मधुमेहाची गोळी देत होतो. डॉक्टरांना मात्र लगेच खरे सांगितले, म्हणून ती वाचली.

"बाबा, औषधे म्हणजे तुमचे ग्रंथालय नव्हे," असे तू म्हणाली होतीस, आणि मी तासभर वाद घालून तुला गप्प केले होते. दोघांची औषधे एकाच खणात अक्षरवार लावली, की जवळजवळ सारख्या नावांच्या डब्या शेजारीशेजारी येणारच. चाळीस वर्षे पुस्तके लावलेल्या माणसाच्या हे ध्यानात येऊ नये!

आता तुझ्या म्हणण्याप्रमाणे आईच्या गोळ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवल्या आहेत, माझ्या गोळ्या माझ्या टेबलात. कोणती गोळी कोणाची आणि कशासाठी, हे प्रत्येक डबीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. तरीही डॉक्टरांच्या कागदाशी तू एकदा ताडून पाहा. माझ्यावर विसंबू नकोस.

तू प्रवासातून भुकेली येशील, म्हणून जेवण झाकून ठेवले आहे. मी पुन्हा आईजवळ रुग्णालयात जातो.

सकाळी परिचारिकेने आईची गोळी माझ्या हातात दिली. आईने डोळे मिटूनच "द्या" म्हटले आणि तोंड उघडले. कोणती गोळी, हे तिने आजही विचारले नाही. माझा हात पुढे होईना. संध्याकाळपासून तिला तूच देत जा.

बाबा