विहिरीवरची साय

बोगादी, मैसूर
गुरुवार, २० मार्च २०२५

चि. स्पंदनास आजीचे पोटभर आशीर्वाद.

सगळ्यात आधी आली ती शेजारची गोदा, तुझी माणसं नंतर! दारात गाडी दिसली तशी धावलीच. "अक्का, नातीला बघायला आले काय?" म्हटलं, अगं, विहिरीला बघायला आलेत!

तुझ्या लॅबचे शरत सर आणि ती शरण्या. गुणाची पोर, चार कोडबळी खाल्ली. तुझ्या आजोबांनी कापडाचा रंग धुवायला खोदलेली विहीर, सोमवारी तिचेही फोटो निघाले बघ. शरतनं पिचकारीतून चमचाभर औषध सोडलं. त्याची साय पसरते म्हणे, दिसत नाही पण असते, मग उन्हानं पाणी उडत नाही. माझ्या नातीनं शोधलंय, असं गोदाला तीनदा सांगितलं.

आता वारा सुटला तरी पाणी हलत नाही. पाण्यावर पळणारे लांब तंगड्यांचे किडे पहिल्याच दिवशी बुडाले.

हे फोनवर बोलवत नाही, फोन तुझ्या वहिनीचा, नि सुष्मा शेजारीच असते. शरतनं विचारलं होतं, "अज्जी, हे पाणी कुणी पीत नाही ना? अजून तपासणी व्हायचीय." मी म्हटलं, "अय्यो, नळ आहे की!" पितो म्हटलं असतं तर ते दुसरीकडे गेले असते, तुझं काम अडलं असतं.

पण सातवा महिना लागला की आपल्या घरात विहिरीचंच पाणी देतात. मला सासूनं दिलं, मी तुझ्या आईला. साय वरच राहते म्हणाले, म्हणून सुष्मासाठी कळशी चांगली खोल बुडवून भरली. तीन दिवस, माझ्या हातानं.

वर ओढताना कळशी सायीतूनच येते, हे आज सुचलं. सुष्माच्या तांब्यात कापराचा कण टाकला, लहानपणी तुला नाचवून दाखवायची तसा. हललाच नाही गं. नळाच्या पाण्यात टाकला तर गरगर फिरला.

कळशी ओतून दिली. कारण सांगितलं नाही. संध्याकाळी सुष्मा हसत म्हणाली, "अज्जी, आज बाळ लाथाच मारत नाही, झोपलंय वाटतं."

आत्ता रिक्षा बोलावलीय, दवाखान्यात नेते. पोटात काय गेलं विचारतील. त्याचं नाव तुलाच ठाऊक. गोदा लगेच बेंगळूरच्या गाडीला निघतेय, चिठ्ठी तुझ्या हातात देईल. वाचलीस की उभ्या उभ्या फोन कर, डॉक्टरांशी बोल. शरतलाही सांग. तुझं काम अडलं तरी सांग.

तुझ्यासाठी खोटं बोललेली,
आजी

शरत आणि शरण्या सोमवारी, २४ तारखेला, परत येतो म्हणालेत.