टोपण लावल्यावर

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९९१
सिल्वासा

सुरंगी गावातल्या बायका मुलींच्या शाळेबद्दल बोलतच नाहीत, म्हणून महिनाभर मी पाहणीच्या फॉर्मवर ‘मत नाही’ भरत आले. आज जमनाबाईंचंही तसंच भरलं, पेनाला टोपण लावलं आणि पाणी मागितलं. तांब्या देताना त्या म्हणाल्या, “ताई, शाळा गावातच पायजे. पोरगी नदी उतरून जाते, माझा जीव थाऱ्यावर नसतो.”

“मग मघाशी का नाही बोललात?”

“तुम्ही लिवत होत्या ना!”

मत नाही म्हणे! माझ्या पेनापुढे गप्प बसल्या होत्या सगळ्या. मला इतके दिवस कळू नये? उद्यापासून सगळी घरं पुन्हा. आधी टोपण लावून गप्पा, मग विचारून लिहायचं.

निघाले तर जमनाबाईंनीच थांबवलं. “ते खोडा. आता लिवा.”

मी टोपण काढलं.